धोंडुबाईच्या नवऱ्याचं मृत्युपत्र

मी, जोतीराम गणपतराव चौगुले, वय ७१, पूर्वी फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारा, राहणार कदमवाडी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दाबाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझा धाकटा भाऊ बाळासो गल्लीभर सांगत फिरतो की वहिनी गेल्यापासून दादाचं डोकं फिरलंय.

१. माझी पत्नी धोंडुबाई ४ डिसेंबर २०२३ रोजी वारली. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी तिला दगडाधोंड्याचं नाव ठेवलं. १९७९ साली आमच्या लग्नात आत्याबाईंनी ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि नवरीचं नवं नाव 'संयोगिता' असं लिहायला लावलं. मी लिहिलं. हिनं अख्ख्या मांडवासमोर तळहातानं तांदूळ सपाट केले, माझ्या हातातली अंगठी घेतली आणि 'धोंडुबाई' लिहिलं. म्हणाली, "माझ्या डी.एड.च्या सर्टिफिकेटावर ह्येच हाय. मी न्हाय बदलणार." आत्याबाई त्या दुःखानं आठ दिवस जेवल्या नाहीत असं सांगतात. जेवत होत्या, मी पाहिलंय.

तरी घरात सगळे तिला संयोगिताच म्हणत राहिले. चारचौघांत मीही तेच म्हणायचो. भ्याडपणा, दुसरं काय.

२. शाळेत मात्र ती धोंडुबाईच. गडमुडशिंगीच्या शाळेत चौगुले बाई तिघी होत्या, म्हणून पोरं हिला नावानं ओळखत. तीस वर्षांत तिनं कुणावर छडी उगारली नाही. पर्समध्ये नेलकटर, फणी आणि तेलाची बाटली असायची. सोमवारी ज्याची नखं वाढलेली, त्याला मांडीशी बसवून स्वतः कापायची. बसव्वा नावाची एक मुलगी कर्नाटकातून आली, मराठीचा शब्द येईना, महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाही. धोंडुबाई शेजारणीकडून कन्नड आकडे शिकली आणि भाकऱ्या थापताना "वंदु, यरडु, मूरु" घोकत बसायची. मला वाटलं, मला शिव्या देती. पोरगी पंधरा दिवसांत बोलायला लागली. आज ती गडहिंग्लजला नर्स आहे.

३. राहतं घर. माझी फाउंड्री दोन वर्षं बंद होती, तेव्हा हिच्या पगारावर या भिंती उठल्या. कागदावर नाव माझं लागलं, कारण वडील आणि बाळासो म्हणाले की बाईच्या नावावर घर म्हणजे भावकीत नाक कापून घेणं. तेव्हा मी माझं काही देतोय असं कुणी समजू नये. धोंडुबाईचं घर, अंगण आणि आतलं सगळं सामान मी तिच्या लेकीकडे, आमच्या एकुलत्या एका तेजस्वीकडे पोचवतो आहे.

बाळासोचं म्हणणं, मुलगी परक्याची, घर पुतण्या धैर्यशीलला लिहून द्यावं. एका मुलीवर आम्ही थांबलो तेव्हाही तो वंशाच्या दिव्याचं बोलत होता. धोंडुबाईनं त्याच्या ताटात कोरड्यास वाढता वाढता सांगितलं होतं, "भावजी, वर्गात माझं चाळीस दिवं हायती. तुमी आपल्या तेलाचं बघा." माझंही उत्तर तेच धरावं.

४. माझे रंधे, पटाश्या आणि करवती फाउंड्रीतला जोडीदार सयाजी याला. बाळासोला त्यातलं काही देऊ नये. त्यानं माझ्या पटाशीनं रंगाचा डबा उघडला होता.

५. बाळासोलाही रिकाम्या हातानं पाठवत नाही. वर्षश्राद्धाला त्यानं मला न विचारता दारावर 'संयोगिता निवास' अशी ग्रॅनाइटची पाटी बसवली. मी ती छिन्नीनं उचकटली. ती पाटी त्याला द्यावी, उलट्या बाजूवर चटणी चांगली वाटली जाईल. दारावर आता मी कोरलेली सागवानी पाटी आहे, 'धोंडुबाई'. तिला जो हात लावेल, त्याला तेजस्वीनं उंबरा ओलांडू देऊ नये.

६. आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. धोंडुबाई गेली तेव्हा पेपरात चार ओळी बाळासोनं दिल्या: सौ. संयोगिता जोतीराम चौगुले, रक्षाविसर्जन बुधवारी. हेच नाव घालू का, असं तो मला विचारायला आला होता. मी मान डोलावली. बुधवारी राखेभोवती सतरा माणसं, सगळी भावकी. तिनं शिकवलेलं एक पोर नाही. मला वाटलं, विसरले. मी त्या पोरांना मनातल्या मनात लई शिव्या दिल्या.

आठव्या दिवशी बसव्वा दारात उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, पेपर वाचलता की मी. संयोगिता म्हंजे आमच्या बाई, ह्ये कुणाला ठावं?" आणि उंबऱ्यावर बसून रडली. मग महिनाभर दोघं-तिघं येत राहिले. प्रत्येकाचं एकच, आम्हाला का न्हाय कळवलं. बाळासोवर मी सगळा राग काढतो, पण ही चूक त्याची नाही. तिनं एकटीनं मांडवात जे केलं, ते मला पेपरातल्या चार ओळींत करता आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

७. म्हणून माझी बातमी मीच लिहून ठेवतो. मला अग्नी तेजस्वी देईल. बाळासोनं मडकं धरू नये, खांदा द्यावा, तेवढं पुरे. पेपरात फोटो माझा नको, धोंडुबाईचा. खाली एवढंच छापावं: "गडमुडशिंगी शाळेच्या धोंडुबाई चौगुले यांचे पती जोतीराम यांचे निधन. रक्षाविसर्जन सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमीत. बाईंच्या सर्व विद्यार्थ्यांनी यावे." कुणाला बोलायचं असेल तर तिच्याबद्दल बोलावं. पोरांचं तिच्या रक्षेला यायचं राहिलंय, ते माझ्या रक्षेला येतील.

लिहून देणार: जोतीराम गणपतराव चौगुले (सही)

जोतीराम चौगुले यांनी हा मजकूर आम्हा दोघींना वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. सहाव्या कलमाला थांबले, पाणी प्यायले, मग पुढे वाचले.

साक्षीदार:
१. बसव्वा मल्लिकार्जुन कोरी, नर्स, गडहिंग्लज (सही)
२. डॉ. विद्याश्री राजशेखर हिरेमठ, कोल्हापूर (सही)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १७ जून २०२५