माईकला तोंड असतं

सोमवार, ३ मे

मोठ्या बाईंनी चहाला बोलावलं तेव्हाच समजायला हवं होतं. आमच्या मुख्याध्यापिका उगाच कुणाला चहा पाजत नाहीत. सोबत बिस्किटंसुद्धा होती — म्हणजे प्रकरण गंभीर!

'बाई, तुमचा आवाज शाळेत कायम राहायला हवा,' म्हणाल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर निम्मी चढले होते, तेवढ्यात पुढचं बाहेर आलं. संस्थेने ठरवलंय, सुट्टीनंतर संगीत शिक्षिका नको. परिपाठाची सगळी गाणी मी सुट्टीत घरी बसून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून द्यायची. रोज सकाळी शिपाई बटण दाबणार आणि स्पीकरमधून मी गाणार. खरी मी? ती वाचनालयात. पुस्तकांवर शिक्के मारायला.

'तुम्हाला जमणार नसेल तर बाजारातलं काहीतरी आणून लावू,' असंही म्हणाल्या. बाजारातलं! माझ्या मुलांना! ढोलकांच्या धडधडाटात कुणीतरी किंचाळणार आणि मुलं त्याची री ओढणार!

'देते,' म्हटलं. म्हणजे माझ्या जागी बसणारं यंत्र मीच तयार करायचं. माझ्या घरात, माझ्या विजेवर. वर दुसरं बिस्किटही खाल्लं.

शुक्रवार, ७ मे

लेकीने सामान पाठवलं. माईक, त्याचा स्टँड, दोन गोल फिरकीची बटणं असलेला एक लाल डबा, वायरी, हेडफोन. माहितीपत्रक एवढ्या बारीक अक्षरात, की ते कुणी वाचू नये असं छापणाऱ्यालाच वाटत असावं.

ह्यांचा चेहरा असा फुलला की तसा लग्नातही फुलला नव्हता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यापासून घरात बिघडलेलं काही उरलं नाही, म्हणून चांगल्या वस्तू उघडून बघत असतात. 'तू फक्त गा. तांत्रिक बाजू माझी,' म्हणाले.

मला ह्यांची तांत्रिक बाजू ठाऊक आहे. एखादी लिफ्ट दुरुस्त करायची नसली की हे लोकांना सांगायचे, 'पार्ट मागवलाय.' त्या एका वाक्यावर लोक महिनोन्‌महिने जिने चढले आहेत.

मंगळवार, ११ मे

लेकीच्या खोलीचा स्टुडिओ झाला. खिडक्या बंद, पंखा बंद (त्याचा आवाज येतो), कपाटाची दारं उघडी, भिंतीला गाद्या टेकवलेल्या. मी पेटी घेऊन गादीशी. मध्ये माईक. पलीकडे टेबलाशी हे — डोक्यावर हेडफोन, चेहऱ्यावर विमान उडवणाऱ्याचा भाव. हेडफोन एकच, तो अर्थातच तांत्रिक बाजूला.

पहिलं गाणं सुरू केलं. दोन ओळींत ह्यांचा हात वर.

'कुकर.'

शेजारणीचा होता. शिट्ट्या संपेपर्यंत बसून घाम पुसला. पुन्हा सुरू. पुन्हा हात वर.

'आता काय?'

'बटण दाबायचं राहिलं होतं.'

बुधवार, १२ मे

आज बटण दाबलं. गाणं झालं. लावून ऐकलं.

माझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा! शाळेच्या मैदानात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी बाई मी. हे म्हणाले, 'जरा मोठ्याने गा.' मोठ्याने गायले. 'अजून.' अजून गायले. 'वय झालं की आवाज उतरतो गं, मनाला लावून घेऊ नकोस.'

मनाला लावून घेतलं नाही. फक्त संध्याकाळचा चहा केला नाही.

शनिवार, १५ मे

नवी अडचण. मी शाळेत शिकवते तशीच गाते — एक ओळ मी म्हणते, मग थांबते, मुलं ती मागून म्हणतात. इतकी वर्षं तसंच केलंय. इथे मुलं नाहीत, तरी मी थांबतेच. पेटी वाजत राहते, तोंड बंद. सवय!

'मध्ये एवढं रिकामं काय सोडतेस?' हे विचारत होते.

'तिथे मुलं आहेत.'

'कुठे?'

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या ओळीच्या जागी डोंगर उमटतात आणि मुलांच्या जागी नुसती पेटीची बारीक रेघ. पण ती रेघ हवी त्याहून जास्त थरथरते म्हणे. ह्यांचं निदान — घुंई, म्हणजे विजेची घरघर. वायरीत कुठेतरी घुंई शिरली आहे. 'हेडफोनमध्ये पण येते. तू थांबलीस की लगेच!' आता हे ती शोधून काढणार. आनंदी आनंद!

गुरुवार, २० मे

घुंई सापडलेली नाही. फ्रिज बंद करून झाला (दूध नासलं). पाण्याचा पंप बंद करून झाला (वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून भांडायला आले). घरातले सगळे प्लग उपसून झाले. माझ्या मनगटावरचं घड्याळसुद्धा काढून बाहेर ठेवायला लावलं! गाणी मात्र एकामागून एक होत आहेत. सुरुवातीचा तुकडा ऐकायचा, हे मान हलवणार — 'घुंई आहेच' — की पुढचं गाणं.

आज खरं लिहिते. मला भीती वाटते. घुंईची नाही, त्या विहिरीतल्या आवाजाची. लोक तोंडावर बोलत नाहीत, यंत्र बोलतं. कदाचित मोठ्या बाईंना आधीच ऐकू आलं असेल. कदाचित शिक्के मारणंच बरं.

रविवार, २३ मे

लेकीला सगळी गाणी पाठवली. 'यातली घुंई काढता येईल का बघ,' असं तिच्या बाबांनी कळवलं.

सोमवार, २४ मे

लेकीचा फोन. आधी पाच मिनिटं नुसती हसत होती. मग म्हणाली, 'खोलीचा फोटो पाठवा.' पाठवला. पुन्हा हसली.

'आई, बाबा, माईक उलटा आहे!'

माईकला तोंड असतं म्हणे. एकाच बाजूने नीट ऐकतो, मागून येणारा आवाज जवळजवळ घेतच नाही. ज्या बाजूला कंपनीचं नाव, ते तोंड. आमच्याकडे ते नाव टेबलाकडे होतं. 'नाव चालवणाऱ्याला दिसायला हवं ना!' — इति तांत्रिक बाजू. लिफ्टमध्ये तसंच असतं म्हणे.

म्हणजे इतके दिवस मी माईकच्या पाठीशी गात होते! आवाज उतरला नव्हता. जीव असा भांड्यात पडला की ह्यांच्यावर ओरडायचंही विसरले.

'आणि बाबा,' ती म्हणाली, 'ती घुंई नाही. ते तुम्ही आहात.'

मी थांबले की हे माझी ओळ मागून म्हणत होते. आधी मिटल्या तोंडाने. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून चक्क शब्दांसकट, मोकळ्या गळ्याने, माईकच्या तोंडाशी! आणि मी? मी गायला लागले की डोळे मिटते, माझ्या मनात तिथे मुलं असतात, मागून आलेला आवाज मला त्यांचाच वाटतो. ह्यांच्या डोक्यावर हेडफोन. कॉम्प्युटर आवाज जरा उशिराने परत देतो, त्यामुळे ह्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. तीच घुंई. तिच्यासाठी दूध नासवलं!

लावून ऐकलं. एकही सूर जागेवर नाही. वर जायचं तिथे खाली, खाली जायचं तिथे मधल्या मजल्यावर अडकलेले. मी हसून हसून गादीवर पडले. हे हसले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि उठून बाहेर गेले.

नंतर आठवलं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, 'तुम्ही गुणगुणू नका हो, माझा सूर बिघडतो.' त्यानंतर ह्यांना घरात गुणगुणताना कधी ऐकलं नाही. मला वाटलं होतं, ह्यांना आवडच नाही.

गुरुवार, २७ मे

माईक सरळ केला. हे स्वतःहून स्वयंपाकघरात जाऊन बसले. बटण मीच दाबलं. एवढंच होतं ते!

रविवार, ३० मे

सगळी गाणी पुन्हा झाली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण ही वही कुणाला सांगायला जाणार आहे? मी सुंदर गायले आहे. प्रत्येक शब्द स्वच्छ. जागच्या जागी श्वास. आणि मधल्या जागा — अगदी सपाट. कुणी नाही.

त्या सपाट रेघेकडे बघवेना. बटण दाबलं की हे यंत्र सुरू होणार, बटण दाबलं की थांबणार. ह्याला घसा बसत नाही, ह्याला रजा नको, एखादं मूल रडतंय म्हणून हे थांबणार नाही. मीच बनवलं. अगदी नीट बनवलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तोही सुरात!

शुक्रवार, ४ जून

गाणी पाठवायची आज मुदत. हे कॉम्प्युटरपाशी बसले. 'खरंच पाठवायची?'

'म्हणजे काय? काम म्हणजे काम.'

'वाचनालयात करमेल तुला?'

'शिक्के मारायलाही ताल लागतो,' म्हटलं. विनोद होता. आत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

बाहेर आले तर 'गेली,' म्हणाले. संपलं.

सोमवार, ७ जून

शाळा सुरू. मेले असते तर बरं, असं वाटण्याचा दिवस!

मैदानात सगळी शाळा. संस्थेचे अध्यक्षही आले होते, नवी सोय बघायला. मी कडेला, वाचनालयाच्या पायरीवर, हातात शिक्का. मोठ्या बाई नव्या युगाबद्दल बोलल्या. शिपायाने बटण दाबलं.

स्पीकरमधून आधी मी. विहिरीतून. 'आवाज वाढव,' मोठ्या बाईंनी खूण केली. शिपायाने पूर्ण वाढवला. आणि मग आले हे!

सगळ्या मैदानावर ह्यांचा आवाज. मोकळा, आनंदी, साफ बेसूर. माझ्या हातातला शिक्का पडला. उलट्या माईकवाली गाणी पाठवली होती ह्या माणसाने!

पहिली रांग खुदखुदली. मग पुढची ओळ आली आणि मुलांनी मागून म्हटली — मुलं शहाणी, मागून म्हणायची सवय! — पण माझ्यामागून नाही. ह्यांच्यामागून, जसंच्या तसं. सगळी शाळा मधल्या मजल्यावर अडकली! अध्यक्ष कानात बोट घालून उभे. मोठ्या बाई 'बंद कर' म्हणत होत्या आणि शिपायाला बटण सापडत नव्हतं.

मला राहवेना. पायऱ्या उतरून मध्ये गेले आणि पुढची ओळ खणखणीत म्हटली. एक हात वर. मुलांनी माझ्याकडे बघितलं. एका ओळीत अर्धी जागेवर आली, दुसऱ्या ओळीत सगळी. स्पीकर मागे केव्हा बंद पडला, कळलंच नाही.

नंतर मोठ्या बाईंनी आत बोलावलं. चहा नव्हता.

'ते गृहस्थ कोण?'

'घरचेच आहेत.'

'चुकीची गाणी आली आहेत. बरोबर आहेत ना तुमच्याकडे? ती पाठवा. तोवर परिपाठ तुम्हीच घ्या.'

घरी येऊन ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बटण कळत नाही, माईकचं तोंड कळत नाही, बरोबर काय आणि चूक काय ते कळत नाही! सगळ्या शाळेत शोभा झाली — माझी आणि तुमचीही! 'हो,' म्हणाले. एवढंच. जेवताना पुन्हा बोलले. पुन्हा 'हो'.

बुधवार, ९ जून

परिपाठ घेतला. मुलं अजून मध्येच मुद्दाम ह्यांच्यासारखं गातात आणि हसतात. मीही हसले. कुणी पाहिलं नसावं.

घरी अबोला. माझ्याकडून. ह्यांच्याकडून नेहमीचंच.

रविवार, १३ जून

मोठ्या बाईंचा निरोप: 'उद्यापर्यंत बरोबर गाणी हवीत.' कॉम्प्युटर उघडला. चांगली गाणी नाहीत! इकडे शोधलं, तिकडे शोधलं. उलट्या माईकची आहेत, सरळची एकही नाही.

ह्यांना विचारलं. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, 'पुसली.'

'चुकून?'

'नाही.'

'कधी?'

'तू नळ सोडला होतास तेव्हा.'

मी तिथेच बसले. ज्या माणसाने मी एकदा म्हटलं म्हणून घरात तोंड मिटून घेतलं, त्याने स्वतःचा आवाज सगळ्या शाळेपुढे लावू दिला. वर आठवडाभर माझ्या शिव्या खाल्ल्या.

मग उठले. चहा टाकला. पान उलटता उलटता हे गुणगुणायला लागले, मी आलेलं बघितलं आणि थांबले. 'थांबू नका,' म्हटलं. सूर बिघडायचा तो बिघडो.

सोमवार, १४ जून

मोठ्या बाईंना सांगितलं, यंत्र बंद आहे. पार्ट मागवलाय.