कोशाची खोळ

प्रिय टीना,

पार्सल फोडून आधी कापड बाहेर काढलं असशील आणि हे पत्र तळाशी राहिलं असेल. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस, आणि माझ्या माहेरचा फराळाचा डबासुद्धा तू असाच उघडायचीस. आधी डबा, मग वहिनीची विचारपूस. तर आता ते कापड अंगावर घे आणि बसून वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं. आपल्या घरात फोनवर एक बोलतं आणि बाकीचे कान देऊन ऐकतात, तुला काय सांगायचं.

इकडे आमगावात चैत्राच्या दुपारी लांबलचक झाल्या आहेत. मोह गळतो आहे. सकाळी बाहेर पडलं की वास इतका दाट असतो, की माणूस झोपेतच चालल्यासारखं चालतं. उन्हाळी धान हिरवंगार उभं आहे आणि घरात आमच्या रिंकीच्या लग्नाखेरीज दुसरा विषय नाही. तू येणार नाहीस हे सगळ्यांना कळलं आहे. सुट्टी मिळत नाही असं तू तुझ्या दादाला सांगितलंस, त्यानं ते मुकाट मानलं. मी मानलं नाही. गेल्या वर्षी नागपुरात तुझं छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तू व्हिडिओवर बोलताना डावा खांदा चौकटीबाहेरच ठेवतेस. हात सुजलेला, ब्लाउजच्या बाहीत शिरत नाही, वर उचलत नाही, आणि मांडवातल्या बायका आधी अंगच न्याहाळतात. मला कळतं गं सगळं. पण आपल्या घरी नवरीला पहिली हळद आत्या लावते, आणि रिंकी म्हणते आत्या नसेल तर मी पाटावर बसणारच नाही. हट्टीपणात तुझ्यावर गेली आहे पोरगी.

मग एका दुपारी माझा डोळा लागला आणि स्वप्नात आपण दोघी बोदलकसा तलावाच्या पाळीवर चालत होतो. पाणी पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. तुझ्या अंगावर काहीतरी सैल, घेरदार होतं. बाह्या नव्हत्या, हात दिसत नव्हते, आणि वारा आत शिरला की ते सगळं फुगून वर यायचं. तू हसत होतीस, खूप दिवसांत तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. जागी झाले तरी ते कापड डोळ्यांपुढून जाईना. रिंकीला सांगितलं तर म्हणाली, त्याला केप म्हणतात, आणि मोबाइलवर दाखवलीसुद्धा. मोठं गोल कापड, मधोमध गळ्यापुरतं भोक, की झालं. मी म्हटलं, ही तर आपली खोळ. धानाच्या रोवणीच्या वेळी पावसात पोत्याची करून डोक्यावरून घेतो तीच, फक्त नवरीच्या आत्याला कोणी आजवर घातली नाही.

आईंनी पेटीतून त्यांची कोशाची रेशमी साडी काढून दिली. देताना हात फिरवला तिच्यावरून. फिकट मधाच्या रंगाची, तुला आठवत असेल. उन्हात पसरली तर खोलीच बदलून गेली, मला कात्री लावायचं मनच होईना. तसं काम सोपं. कापडाची चौघडी घालायची, कोपऱ्यावर दोरी धरायची, दुसऱ्या टोकाला खडू बांधून गोलसर रेघ ओढायची, आणि त्याच कोपऱ्याशी गळा कापायचा. पण हा कोपरा घडीचा, बंद असलेला धरायचा असतो. आणि पोत्याच्या खोळीत बंद कोपराच तर डोक्यावर येतो. त्याला भोक पडलं की पाणी थेट टाळूवर. इतक्या वर्षांच्या रोवण्यांनी हे हातात असं मुरलंय, की मी बंद कोपरा जपून बाजूला ठेवला आणि सुट्या कडांचा कोपरा धरून खुशाल कापत सुटले. उघडून पाहते तर एका केपऐवजी चार तुकडे.

मी तिथंच मशीनला टेकून रडले. आईंची साडी, तीही तुझ्यासाठी दिलेली. आई आल्या, तुकडे उचलले, एकेक करून माझ्या खांद्यांवर टाकून पाहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं चुकलीस तं. डोक्यातून घालाची असती तं तिनं हात वर कसा केला असता? आता समोरून उघडीच ठेव." माझं रडणं तिथंच थांबलं. स्वप्नात सगळं दिसलं होतं, पण ती तू अंगात घालणार कशी, हे मला दिसलंच नव्हतं. मग एक शिवण पाठीवर घातली, दोन खांद्यांवर, समोरची बाजू मोकळी सोडली आणि गळ्याशी दोन बटणं लावली. घेर मनगटापर्यंत येतो. हळद लावायला उजवा हात अलगद बाहेर काढता येतो.

तुला वाटत असेल, लग्नाला ये म्हणून वहिनीनं एवढं पुराण लावलं. शिवायला घेतली तेव्हा माझ्याही मनात तेवढंच होतं. पण केप पुरी झाल्यावर तुला जमेल की नाही ते बघावं म्हणून मी माझा डावा हात ओढणीनं कमरेशी बांधला आणि एका हातानं ती घालून पाहिली. छान जमली. पाठीवर टाकली, पुढे ओढली, बटणंही लागली. मग डाव्या काखेखाली काहीतरी टणक लागलं. वाटलं, एखादं बटण सुटून आत अडकलं. केप काढून झटकली, खाली काही पडलं नाही. हात लावून पाहिलं तर ते तिथंच होतं. दुखत नाही, हलतही नाही. हे मी तुझ्या दादाला सांगितलेलं नाही. आईंना तर सांगवणारच नाही, तुझ्या वेळी त्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. कदाचित काही नसेलही. पण मला भीती वाटते, टीना. एवढी बडबडी मी, पण डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचत नाही. तुला ते माहीत आहे, घरात फक्त तुलाच माहीत आहे. हळदीचं आपण नंतर बघू. तू आधी मला न्यायला ये.

वाट पाहणारी,
तुझीच
दुर्गेश्वरी वहिनी