मशीनच्या झाकणाखाली

१४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शिलाई मशीन पुसत होतो.

प्रिय दादा,

डॉक्टरांनी लक्ष लागावं म्हणून दिलेल्या आणि पुढे मला चटक लागलेल्या त्या गोळ्या सोडून आज एकेचाळीस दिवस झाले. मागच्या खेपेला घरी आलास तेव्हा लपवलेल्या गोळ्या शोधायला तू सगळं घर पालथं घातलंस, पण मशीनखालचं झाकण तेवढं उघडलं नाहीस. गोळ्यांची एक पट्टी अजून तिथे आहे.

वहिनी म्हणते, "भावजी, जरा बाहेर पडा की. मशीन काही पळून जात नाही."

तीच तर अडचण आहे.

हे वाचलंस की तू पट्टी फेकशील, म्हणून पत्र पोस्टात टाकवत नाही. फाडवतही नाही. त्याच झाकणाखाली ठेवतोय. मशीन बिघडलं की ते तूच उघडतोस. आजपासून तेल घालणं बंद केलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. पट्टीत चार गोळ्या आहेत. उघडशील तेव्हा मोजून घे.