सुखदेवचा आनंदाचा दिवस

३ जाने. ९४
कारखान्याच्या कामगार-कल्याण ऑफिसात माझ्याकडे सुखदेव आला. ब्लास्ट फर्नेसवरचा माणूस, राहणार खुर्सीपार, मूळ भंडाऱ्याकडचा. दारू. आणखी एक गैरहजेरी की नोकरी गेली, तसं लेखीच मिळालंय. मी म्हटलं, सोडवतो. नागपूरच्या शिबिरात मनाला वळण लावायची ती एन.एल.पी. आठवडाभर शिकलो ते कशासाठी? घरी सौ. म्हणे, "पहिले आपला तंबाखूचा खर्रा सोडा, मंग जगाले सुधरवा."

५ जाने.
पद्धत साधी. डोळे मिटून सर्वांत आनंदाचा दिवस आठवायचा, मन भरून आलं की उजव्या हाताचा अंगठा अन् बोट एकमेकांवर दाबायचं. रोज. पुढे तलफ आली की नुसतं बोट दाबा, तो आनंद हजर. सुखदेवचा चेहरा असा फुलला की मीच खूश.

८ जाने.
तीन दिवसांत तीनदा प्यायला. "साहेब, बोट दाबलं का तलफ अजून वाढून राहिली."
कावून? खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याच्या हातून फर्नेसमधून पहिल्यांदा लोखंड निघालं, तो त्याचा दिवस. शिफ्ट सुटल्यावर सगळ्या गँगने त्याला मोहाची पाजलेली! "मग पुढे काय झालं?" एवढंही मी विचारलं नव्हतं. गाढव मी.

१० जाने.
दुसरा दिवस शोधू. लग्न? प्यायलेला. मुलीचं बारसं? प्यायलेला. पोळा, होळी, प्रमोशन… सगळे मोजून झाले. मग, "दारूबिना खुशीचा दिवसच नाही सापडून राहिला, साहेब." रडला. मलाही आवरेना.
नसेल तर नवा तयार करू. शिबिरात हे नव्हतं, न का असेना. अन् आता डावा हात. उजवा बाटलाय.

१६ जाने., रविवार
सेक्टरच्या मैदानात त्याची मीना सायकल शिकली. हा कॅरियर धरून मागे, धापा टाकत. "छोडना मत, बाबा!" सोडलंच त्याने. पोरगी सरळ गेली. मी ओरडलो, "दाब!" त्याने आधीच दाबलं होतं.

१७ जाने.
सहा दिवस झाले, थेंब नाही. आज पहिली शिफ्ट, दोनला सुटली. प्यायला न्यायला गँग गेटवर थांबतेच. त्याची बायको देवकी माझ्यासमोर बसली आहे. "गेटवर जाऊ का मी?" नको म्हटलं. गँगला टाळून त्याचं त्यालाच बाहेर येऊ द्या.
मीनाची शाळा अडीचला सुटते. देवकी म्हणाली, "सकाळी पोरीले सांगून गेले, तुले घ्याले मी येतो म्हणून. आजपर्यंत असं कधी बोलले नव्हते."
सव्वादोन झालेत.