साडूच्या नाकावर टिच्चून साडेसातशे

३ जानेवारी, दुपार
आज साडूच्या बँकेत गेलो. चौथा मजला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिथे कर्जाच्या टेबलावर बसतो. आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळवाला जूनमध्ये दुकान सोडतोय आणि तो गाळा बायकोला शिवणकामासाठी हवाय. सध्या गिऱ्हाइकं आमच्या स्वयंपाकघरात कपडे घालून बघतात आणि तेवढा वेळ मी जिन्यात उभा असतो. म्हणून कर्ज मागितलं.

साडूने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, तुमचा क्रेडिट स्कोअर पाचशे एकेचाळीस आहे, साडेसातशेच्या खाली आमच्याकडे फाईलच उघडत नाही. हे इतक्या हळू आवाजात की सगळ्यांना ऐकू गेलं. मी ताठ बसायला गेलो तर खुर्ची कुरकुरली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वर बघितलं.

त्या खुर्चीचासुद्धा बदला घेणार.

४ जानेवारी
स्कोअर पडला त्याचं कारण मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी जुन्या कार्डवाल्यांनी तीनशे बारा लेट फी लावली. माझी चूक नव्हती. चेक वेळेत लिहिला होता, टाकायचा तेवढा राहिला होता. मी फी भरली नाही. तत्त्वाचा प्रश्न. तीनशे बाराचे अकरा हजार झाले तरी भरले नाहीत. शेवटी त्यांनीच दमून खातं बुडीत दाखवलं. म्हणजे मी जिंकलो. हे काल साडूला सांगितलं तर म्हणाला, त्यामुळेच.

बायको म्हणाली, माझ्या नावावर मागू या का, दोन्ही मशिनं हप्त्यावर घेतली, एक हप्ता चुकलेला नाही. मी म्हणालो, अपमान माझ्या नावावर झालाय, कर्जही माझ्याच नावावर होईल.

९ जानेवारी
योजना तयार. स्कोअर पडलेल्यांसाठी वेगळं क्रेडिट कार्ड असतं. फोनवरच्या मुलीने समजावलं. थोडं थोडं वापरा, तारखेच्या आत पूर्ण भरा, स्कोअर चढतो. लिमिट पंचवीस हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, पण ते न भरणाऱ्यांना. माझा संबंध नाही. ती मला तेरा वेळा सर म्हणाली. साडूने लग्नापासून एकदाही म्हटलेलं नाही.

जूनपर्यंत साडेसातशे. मग साडूच्या बँकेतून कर्ज मंजूर करून घेणार आणि ऐन सहीच्या वेळी पेनाला टोपण लावून म्हणणार, नको. बायकोच्या गाळ्यासाठी दुसऱ्या बँकेतून घेऊ. साडूचं तोंड बघण्यासारखं होईल.

२६ फेब्रुवारी
पहिलं बिल. फक्त फोनचे सहाशे. नऊ दिवस आधी पूर्ण भरलं. स्कोअर पाचशे छप्पन्न! पंधराने वर!!

गणित केलं. महिन्याला पंधरा म्हणजे जूनमध्ये सहाशे सोळा. पुरत नाही. पण सहाशे खर्च केल्यावर पंधरा वाढतात, तर वीस हजार खर्च केल्यावर किती? साधं त्रैराशिक. आलेल्या उत्तराला स्कोअरची पट्टीच पुरत नाही. हे लोकांना कसं सुचत नाही?

२ मार्च, ऑफिस
देव आहे. आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, आणि तक्रारींच्या टेबलावर मी. कोणाचा कागद मिस्त्रींकडे आधी जाणार ते मी ठरवतो. आज साडूच्या बँकेच्या इमारतीची तक्रार आली. लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही. कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. चढ म्हणावं जिने.

डबा गोड लागला.

१४ मार्च
कार्डावर सूट घेतला. अठरा हजार चारशे. बायको गळ्यात टेप घालून उभी होती. म्हणाली, मी शिवला असता की, कापडाच्या पैशात. मी म्हणालो, घरी शिवलेलं घालून कोणी बदला घ्यायला जात नाही. ती आत गेली आणि तासभर मशीन उगाचच जोरात चालवलं. बहुधा अर्जंट ऑर्डर असावी.

सूट पोटाला किंचित आवळतो. जूनपर्यंत पोट कमी करणार.

१५ मार्च
बूट, तीन हजार शंभर. पेन, अकराशे. टोपण लावताना खणखणीत आवाज येतो. दुकानात सहा वेळा लावून बघितलं. सातव्यांदा दुकानदाराने पेन काढून घेतलं.

६ एप्रिल
बिल बावीस हजार सहाशे. पण त्याखाली छापलंय, किमान भरायची रक्कम अकराशे तीस. म्हणजे यांची पूर्ण पैसे मागायची हिंमतच नाही! अकराशे तीस भरले. बाकीच्यासाठी बसू देत वाट बघत. बँकवाल्यांना ताटकळत ठेवण्यात जे सुख आहे ते सांगता येत नाही.

पोट: जैसे थे.

७ मे
व्याज सातशे एक्क्याण्णव!!! फोन केला. तीच मुलगी. म्हणाली, पूर्ण भरलं नाही तर व्याज लागतं सर, मी तेव्हाच बोलले होते सर. हे सर पूर्वीसारखं नव्हतं. मी तिला बजावलं की या महिन्यात एक पैसा मिळणार नाही. ती म्हणाली, मग लेट फी लागेल सर. मी म्हणालो, लेट फीवाल्यांना मी याआधी पाणी पाजलेलं आहे.

२३ मे
लेट फी पाचशे. भरणार नाही. तत्त्व.

कार्डवाल्यांना धडा शिकवायला आणखी तीन कंपन्यांकडे कार्डासाठी अर्ज केले. तिघांनीही नाही म्हटलं. स्कोअर पाचशे एकोणीस होता, आज चारशे सत्त्याण्णव. प्रत्येक अर्जाने स्कोअर घसरतो म्हणे. हे साडूने बायकोच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने बायकोला, बायकोने मला. म्हणजे साडूचं माझ्यावर बारीक लक्ष आहे. घाबरलाय.

१ जून
घड्याळवाला येऊन गेला. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण गाळा मागतोय. बायकोसाठी वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाला, त्यापुढे नाही. तो गेल्यावर बायको बराच वेळ उसवलेल्या बाहीकडे बघत बसली. सुई हातात, पण टाका घालेना. मला एकदम फार वाईट वाटलं. मग साडूचा राग आला, तेव्हा बरं वाटलं.

१० जून
साडूला सुनवायचे मुद्दे कागदावर काढले. एकूण सात. पहिला: चष्मा पुसल्याने माणूस हुशार होत नाही. दुसरा: ज्या बँकेची खुर्ची कुरकुरते तिच्यावर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा? सातवा फक्त एक शब्द: नको. मधले चार इतके जहरी आहेत की इथेही लिहीत नाही. कागद सुटाच्या आतल्या खिशात ठेवला. स्कोअर बघितला नाही. मन विचलित होतं.

१७ जून
बायको म्हणाली, उद्या अकराला बँकेत येशील का, भाऊजींच्या बँकेत, तुझी सही लागेल. कशाला ते विचारलंच नाही. विचारायची गरजच काय? साडू शरण आला! रजा टाकली. आरशासमोर टोपण लावायचा सराव केला.

१८ जून
बँकेची लिफ्ट आता पूर्णच बंद. दारावर आमच्याच कंपनीची पाटी: तक्रारीची नोंद घेतली आहे. ती नोंद माझी.

सूट, नवे बूट, चार मजले. तिसऱ्यावर पॅन्टचं बटण गेलं. वर पोहोचलो तेव्हा तोंडातून फक्त हवा येत होती. बायको पलीकडच्या टेबलावरच्या बाईंसमोर बसली होती. स्वतः शिवलेल्या कपड्यांत, इस्त्री केलेल्या. कर्ज तिच्या नावावर मंजूर झालं होतं. तिचा स्कोअर सातशे ब्याण्णव. नात्यातली केस म्हणून साडूने फाईलला हातही लावला नव्हता, ती बाईंकडे दिली होती. तो फक्त माझ्यासाठी पाणी घेऊन आला आणि मला धरून त्याच खुर्चीत बसवलं. ती कुरकुरली.

मुद्दे काढायला खिशात हात घातला. साडूला वाटलं छातीत दुखतंय. त्याने माझा टाय सोडला.

बाई म्हणाल्या, साक्षीदार म्हणून इथे सही करा. बायको माझ्याकडे बघत होती. जानेवारीपासून तिने इतकं सरळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी सही केली. टोपण लावलं. खणखणीत आवाज आला. बाई म्हणाल्या, पेन छान आहे.

१ जुलै
दुकान सुरू झालं. स्वयंपाकघर मोकळं. जिन्यात उभं राहायची सवय लागली होती, आज विनाकारण जाऊन आलो.

सूट बायकोने न विचारता बटण लावून दुकानाच्या काचेत टांगलाय. मीही विचारलं नाही. माझं कार्ड आता तिच्या बटणांच्या डब्यात असतं. म्हणाली, महिन्याला फोनचं बिल तेवढं त्यावर भरीन, आणि पूर्ण भरीन. मी तत्त्वाबद्दल बोलायला लागलो. तिने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे उत्तर देता आलं नसावं.

४ जुलै
सूट विकला गेला. तेरा हजाराला, रोख. बायकोने ते परस्पर कार्डावर भरले. गिऱ्हाईक कोण विचारलं. म्हणाली, भाऊजी. एक टाकासुद्धा घालावा लागला नाही, जसाच्या तसा बसला.

४ जुलै, थोड्या वेळाने
मुद्द्यांचा कागद आतल्या खिशात राहिला!!!

५ ते ७ जुलै
साडूच्या फोनची वाट बघतोय. येऊ दे. मी कोणाला घाबरत नाही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा बायकोला घ्यायला लावला.

८ जुलै
बायकोच्या बहिणीबरोबर कागद परत आला. नीट घडी घातलेला. दुसऱ्या मुद्द्यासमोर साडूच्या त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलंय: खुर्ची दुरुस्त करून घेतली. सांगितलंत ते बरं झालं. जमल्यास लिफ्टचं बघा.

सकाळी ऑफिसला पोहोचल्याबरोबर त्यांचा कागद गठ्ठ्याच्या वर काढला आणि मिस्त्री पाठवले.

बाकीच्या सहा मुद्द्यांबद्दल एक अक्षर नाही.