अत्यंत सुरक्षितपणे विकलेलं शिलाई मशीन

साडूभाऊ,

धाकट्या साडूचा नमस्कार, जमेल तेवढा वाकून. (पूर्ण वाकलो असतो, पण कंबर धरली आहे. कुणामुळे, ते पुढे येईलच.) ताईंचा गुडघा कसा आहे? जिना चढू लागल्या का? तुमची साखर, तुमची दाढदुखी, तुमच्या गच्चीतली रोपं, सगळं आटोक्यात असावं. मी मात्र खुशाल नाही. पत्र घरी न पाठवता तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकलंय, कारण ताईंच्या गुडघ्यापायी ही तुमच्याकडे मुक्कामाला आहे आणि पाकिटावरचं माझं अक्षर ती लांबून ओळखते. फोन करावा, तर तुमच्याकडे तो टेबलावर मधोमध ठेवून तिघं मिळून ऐकता. आणि मला जे बोलायचंय ते फक्त तुमच्याशी, कारण सगळा दोष तुमचा आहे.

हो, तुमचाच. घरातली एक जुनी वस्तू फोनवरच्या त्या जाहिरातींत विकायला टाकावी म्हणतो, एवढंच मी तुमच्यापाशी बोललो होतो. त्यावर तुम्ही सतरा नियमांचा कागद पाठवलात, वर लाल शाईने रेघा मारून. (तीस वर्षं बँकेत बसून लोकांच्या सह्यांवर संशय घेतल्यावर माणसाचं असंच व्हायचं.) अनोळखी माणसाला घरी बोलवू नये. चारचौघांत, शक्यतो बँकेच्या दारात भेटावं. सोबत एक माणूस न्यावा. आपलं नाव-पत्ता सांगू नये, समोरच्याच्या खासगी गोष्टींत शिरू नये. फोनवर आलेला आकडा कुणालाही कळवू नये. व्यवहार झाला की जाहिरात काढावी आणि नंबर पुसावा. मी कारखान्यात पस्तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेला माणूस. लिहून दिलेलं काम लिहिल्याबरहुकूम करायचं, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक होती.

आता वस्तू कोणती ते सांगतो. बसून घ्या. हिचं शिलाई मशीन. तेच, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. अकरा वर्षं ते खिडकीखाली झाकण घालून पडलं होतं आणि त्यावर कुंडी ठेवलेली होती. मी म्हटलं, ही महिनाभर तुमच्याकडे आहे तोवर हे काढून टाकावं आणि नवं विजेवरचं आणून तिला चकित करावं. माझ्या डोक्यात यापेक्षा वाईट विचार आजवर आलेला नाही, आणि आला तेव्हा मला अडवणारं घरात कुणी नव्हतं.

विक्री कशी झाली म्हणाल, तर आदर्श झाली. एकाने मशीन न बघताच पूर्ण पैसे देऊ केले, फक्त फोनवर येणारा आकडा तेवढा सांगा म्हणाला. नाही सांगितला. (इथे तुमचे उपकार मानतो. ही एकच जागा आहे, पुढे शोधू नका.) मग एक चष्मेवाल्या शिंपीणबाई आल्या, गळ्यात टेप तशीच. बँकेच्या दारात भेटलो. सोबतीला खालच्या मजल्यावरचे रेडिओ होते. (त्यांना रेडिओ का म्हणतात हे त्यांच्याशेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.) बाईंनी मशीन चालवून पाहिलं, खूश झाल्या, रोख पैसे दिले आणि जाता जाता म्हणाल्या, तुमचा जीव दिसतोय यात, कधी वाटलं तर बघायला या, मी राहते ना... आणि साडूभाऊ, मी हात वर करून त्यांना थांबवलं. पत्ता सांगू नका, म्हटलं, नावही नको. त्यांच्या देखत नंबर पुसला. जाहिरात काढली. घरी येऊन तुमच्या कागदावर सतरा बरोबरच्या खुणा केल्या.

चौथ्या दिवशी हिचा फोन. लेकीला सातवा महिना लागलाय, आल्या आल्या बाबांचं मशीन काढणार आहे, बाळाची झबली त्याच्यावरच शिवणार, तेवढं तेल घालून ठेवा. मी हो म्हणालो. कारखाना दोन वर्षं बंद होता तेव्हा आमच्या घरात चूल पेटायची ती त्या मशीनवर. ही लोकांचे परकर, उशांचे अभ्रे शिवत बसायची आणि मी दर रविवारी तेल घालायचो, मला करण्यासारखं तेवढंच होतं. हे मी विसरलो याची मला लाज वाटते. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही. बाईंना शोधावं तर नाव नाही, नंबर नाही, पत्ता तर मीच त्यांच्या तोंडात परत ढकललेला. शहरात चष्मेवाल्या शिंपिणी किती असतात ते मला आता पाठ झालंय.

मग ठरवलं, तसलंच दुसरं घ्यायचं. (ओरखडे कुठे होते ते मला माहीत आहे, ते मी करून घेतले असते.) पुन्हा जाहिराती, पुन्हा बँकेची पायरी, पुन्हा रेडिओ. पहिलं मशीन एका चित्रकलेच्या मास्तरांचं, आईच्या माघारी पडून राहिलेलं, चाक हलेना. तुमचा नियम नऊ : चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आता अडकलेलं मशीन चालवून पाहायचं तर आधी ते चाललं पाहिजे. खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. पायरीवर बसलो, शटलमधला धाग्याचा गोळा काढला, तेल सोडलं, आणि मशीन गाऊ लागलं. मास्तरांचे डोळे भरून आले. आई शिवायची तेव्हा अगदी असाच आवाज यायचा म्हणाले, आणि मशीन उचलून गाडीत ठेवून निघून गेले. मी पैसे हातात धरून उभा.

दुसऱ्या वेळी शपथ घेऊन गेलो की हात लावायचा नाही. औषधाच्या दुकानवाल्याचं मशीन. टाका सुटत होता. नुसता धाग्याचा ताण बघतो म्हटलं. त्यानेही ते परत नेलं, बायको आता शिवणकाम पुन्हा सुरू करणार आहे. तिसरं, चौथं, पाचवं, तीच कथा. बिघडलेलं असतं तोवर लोकांना ते विकायचं असतं, आणि मला बिघडलेलं बघवत नाही. रेडिओंना सांगितलं होतं, मला आवरा. ते जमलेल्या लोकांना माझी माहिती देत उभे राहतात. बँकेच्या पहारेकऱ्याने मला स्टूल दिलंय, आणि परवा स्वतःच्या घरचं मशीनही आणून दिलं. कुणीतरी त्या जाहिरातींत माझ्याबद्दल पाच तारे देऊन लिहिलंय : माणूस सज्जन, काम चोख, पैसे घेत नाही. आता लोक विकायचं आहे असं नुसतं लिहितात आणि दुरुस्त करून घेऊन जातात. ही फसवणूक आहे की नाही? तुमच्या सतरांत यावर एक ओळ नाही. पायरीवर बसून बसून कंबर गेली ती अशी.

तेव्हा माझं स्पष्ट मत लिहून ठेवा : तुमच्या नियमांनी मला सगळ्या चोरांपासून वाचवलं आणि सज्जनांच्या हाती दिलं. चोराने मशीन नेलं असतं तर निदान तक्रार तरी करता आली असती. ताईंना नमस्कार. तुमच्यावरचा राग कायम आहे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. हिला आणखी पंधरा दिवस ठेवून घ्या. ताईंनी थोडं लंगडायला हरकत नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठी लिहिलं : सासऱ्यांनी दोघी बहिणींना एकाच दुकानातून सारखीच मशीनं घेऊन दिली होती. ताईंचं तुमच्या माळ्यावर असेल. ते मला द्या. त्या कुठे आता शिवतात? तेलपाण्यासाठी माझ्याकडे पाठवतोय असं त्यांना सांगा, कुणाला शंका येणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिचा फोन आला. म्हणाली, ताईचं मशीन इथे असतं तर दोन झबली आत्ताच झाली असती, पण भावोजी म्हणतात ते दोन वर्षांपासून तुमच्याकडे दुरुस्तीला आहे, घरात तर मी कधी पाहिलं नाही, ठेवलंय कुठे?

साडूभाऊ, माझ्याकडे तुमचं मशीन कधीच आलेलं नाही. सतरा नियम एवढे बारकाईने कसे सुचले ते आत्ता कळलं. मी सांगितलं की कारखान्यातल्या मित्राकडे आहे, एक भाग मिळत नव्हता, आता मिळालाय, पंधरा दिवसांत दोन्ही मशीनं तयार मिळतील. म्हणजे आता दोन शोधायची आहेत. पत्र मिळताच पहिल्या गाडीने निघा.