शिकवलेली नजर

तामलवाडी,
पौष, शके १८६९

प्रिय अक्का,

तू धाडलेलं लुगडं मिळालं. आईला रंग आवडला. तिचा खोकला तसाच आहे. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, नाक्यावर जातो.

माझ्या कामाचं तुला कधी नीट कळवलं नाही. सोलापूरकडून येणारी गाडी निजामाच्या हद्दीत शिरताना तपासायची, एवढंच. पण बघायलाही शिकावं लागतं. आमचे दगडोबा जमादार गाडीत सुपारी लपवून आम्हाला शोधायला लावायचे. मी घाबरून सगळीकडे बघत सुटायचो. ते ओरडायचे, "बंडप्पा, डोळं हायत का कवड्या? सुपारी हुडकू नको, गाडी बघ. चाकापासनं वर जा. जे रोजच्यावाणी न्हाय, तिथं थांब." हळूहळू जमलं. आता नव्या माणसांना मीच शिकवतो. त्यातला ज्ञानोबा माझ्याहून मोठा. आधी कडब्यात हात खुपसून नुसती कुसळं टोचून घ्यायचा. आता गाडी लांब असतानाच कुठल्या अंगाला ओझं जास्त ते सांगतो. जमादार म्हणतात, बंडप्पानं घुबड पाळलंय.

दाजींची गाडी मागच्या महिन्यात आली. पेंडीची पोती, कपाळाला विभूती, सगळं नेहमीसारखं. माझ्याकडे बघून हसलेही. पण वार सोमवार होता. आपल्या लिंगायतांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तुझ्या लग्नात आप्पांनी त्यासाठी वऱ्हाड एक दिवस थांबवलं होतं. मी तिथंच थांबलो. पोत्यांना हात लावला नाही. गाडी जाऊ दिली. दाजी निजामाविरुद्ध लढणाऱ्या कॅम्पातल्या पोरांना काडतुसं पोचवतात, हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. त्या दिवशी भीतीसुद्धा वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

ज्ञानोबा शेजारीच उभा होता. परवा जेवताना म्हणाला, "मास्तर, तुमच्यातला माणूस सोमवारी बैल जुंपतो व्हय?" मी म्हणालो, हल्ली कोण पाळतंय. तो भाकरी मोडत राहिला.

म्हणून हे लिहितोय. इरम्मा मावशी सोलापूरला निघाली आहे, तिच्या हाती देतो. वाचून चुलीत घाल. माझी बदली तुळजापूरला झाली आहे. येत्या सोमवारपासून नाक्यावर ज्ञानोबा असेल. दाजींना सांग, वार बदलून भागणार नाही, या वाटेनं येऊच नका. त्यानं गाडी ओळखली आहे, आणि मी त्याला सगळं नीट शिकवलं आहे.

तुझाच धाकटा,
बंडप्पा